तिसऱ्या

बेचाळीस पानांचा निबंध आहे.
झेरॉक्स इतकी फिकट
की तळटिपांचे आकडे मुंग्या वाटतात,
आणि डाव्या कडेची दोन-दोन अक्षरं
कुणाच्या तरी अंगठ्याखाली गेलेली.

हडकर बाई म्हणाल्या, गुरुवारी चर्चा.
आज मंगळवार.
मी पहिल्या परिच्छेदावर आहे.

पहिल्या परिच्छेदात एकच वाक्य आहे,
सात ओळींचं.
क्रियापद शोधता शोधता कर्ता विसरतो,
कर्त्याकडे परत जावं
तर वाटेत 'तथापि' आडवा पडलेला.
रविवारी मी पिवळ्या हायलायटरने
सगळंच रंगवून काढलं होतं.
पानाला हळद लागल्यासारखी दिसतेय
आणि मला त्यातलं काही आठवत नाही.

ओहोटीवरून मामी आली, गुडघ्यापर्यंत चिखल.
टोपली टेकवली तेव्हा तिसऱ्यांचा आवाज
चिल्लर ओतल्यासारखा.
"काय गो, सकाळधरना ह्यांच पान?"
उघडतच नाही गं, मी म्हटलं.
तिला वाटलं, मी टोपलीबद्दल बोलतेय.
"आत्ताच खय उघडतले? रातभर पाण्यात ऱ्हवांदेत.
रेव आपल्याआपण भायर टाकतत."

रात्री मी शेवटची दोन पानं आधी वाचली.
चोरी केल्यासारखं वाटलं.
जागं कुणी नव्हतं, घमेल्यात फक्त
मधूनच एखादा बुडबुडा.
शेवटी लेखक चक्क सोपं बोलत होता,
दमलेल्या माणसासारखा:
जे सगळ्यांचं असतं, ते कुणीच राखत नाही.
एवढंच?
एवढ्यासाठी बेचाळीस पानं?

मग मागे गेले. परिच्छेदापरिच्छेदापाशी थांबून
समासात पेन्सिलीने, दोन-तीन शब्दांत,
हा बाबा इथे करतोय काय:
डोंगरातल्या कुरणांचं उदाहरण.
आधीच्या लोकांशी भांडण.
पुन्हा तेच.
पुन्हा तेच, पण चिडून.
'तथापि' दिसला की त्याच्याभोवती गोल,
घाटातल्या वळणावर पाटी लावावी तसा.
दुसऱ्या वाचनात न कळलेली अकरा वाक्यं उरली.
तिसऱ्या

सकाळी मामीने चुलीवर ठेवल्या.
झाकण थडथडलं, आणि आत
एकेक करून त्या उघडत गेल्या,
कुणी न सांगता.
पाच-सहा राहिल्या ओठ घट्ट मिटून.
मी सुरीचं टोक घालायला गेले.
"उघडना नाय तेच्यार जोर करू नको,"
मामी म्हणाली, आणि त्या माडाच्या मुळात भिरकावल्या.

मी माझी वाक्यं भिरकावली नाहीत.
वहीच्या मागच्या पानावर उतरवली, आकडे घालून,
बाईंना विचारायला.
(त्यातली चार बाईंनाही येत नव्हती.
पण ते गुरुवारी कळलं.)

पान एकतीस मात्र उघडलं होतं, लख्ख.
तिथे लिहिलंय:
किनाऱ्यावरचे वापरकर्ते
उद्याचा विचार करत नाहीत.

मी वापरकर्तीकडे पाहिलं.
ती टोपली विसळत होती.
परवाच सांगत होती, नखाएवढी पिल्लं सापडली
ती परत चिखलात दाबली;
खाडीचा तो कोपरा
पलीकडच्या वाडीतल्या बायकाही सोडतात
दिवाळीपर्यंत.
असं ठरवलं कुणी? मी विचारलं होतं.
"ठरवूक कित्याक होया?"

पेन्सिल हातात होतीच.
समासात लिहिलं: नाही.
मग खोडलं. छापलेल्या माणसाला
असं एकदम नाही म्हणतात का.
मग पुन्हा लिहिलं, जरा बारीक अक्षरात,
आणि त्यापुढे: पुरावा?
कारण बाई तेच विचारणार.

मामे, आज ओहोटी किती वाजता?
"चारांका. कित्याक?"
येते तुझ्याबरोबर. हे पान घेऊन.
तिने झेरॉक्सकडे पाहिलं,
हळद, गोल, पेन्सिल, माझ्या चहाचा डाग.
"भिजात," म्हणाली.